विहिरीतले पोहणे, समुद्रातली बुडी : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात मालवणच्या समुद्रातील स्कूबा डायव्हिंगविषयी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याविषयी, लिहिले, तेव्हा समुद्रापासून इतक्या दूरच्या आपल्या खानदेशातून एवढी पत्रे येतील असे वाटले नव्हते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून वाचकांनी लिहिले आहे आणि जवळजवळ प्रत्येकाने सुरुवातीलाच आपण विहिरीत पोहायला शिकल्याचे आवर्जून सांगितले आहे. मीही यावल तालुक्यातील केळीच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकले. विहिरीने आपल्याला पाण्याची भीती घालवून दिली, हे तिचे मोठेच देणे आहे. परंतु तिथे अंगी लागलेल्या दोन सवयी, म्हणजे पाण्याखाली दम कोंडणे आणि पाय जोरात आपटणे, समुद्रात टाकी पाठीवर असताना सोडाव्याच लागतात. बहुतेक प्रश्नांचे मूळ या दोन सवयींतच आहे, म्हणून उत्तरे थोडी सविस्तर देत आहे.

प्रश्न : ताई, माझे वय ३४ आहे. गेल्या डिसेंबरात मालवणला चार दिवसांचा प्राथमिक कोर्स केला. माझ्या पायांमुळे तळाचा गाळ उसळतो आणि गटात सर्वांत आधी माझीच हवा संपते, असे प्रशिक्षकांनी सांगितले. जळगावच्या तरणतलावात सराव करून हे सुधारता येईल का? (शिक्षक, चोपडा)

उत्तर : नक्की सुधारता येईल. मात्र पायांकडे वळण्याआधी आपल्या कमरेकडे पाहावे लागेल. नवशिक्याच्या कमरेच्या वजनाच्या पट्ट्यात पुष्कळदा गरजेपेक्षा जास्त वजन असते. ते वजन खाली ओढते म्हणून तो अंगातल्या जॅकेटमध्ये (तरंगण्यासाठी यात हवा भरता-सोडता येते) हवा भरतो. हवा छातीकडचा भाग वर उचलते, वजन कमरेला खाली खेचते आणि शरीर तिरपे होते. अशा तिरप्या अवस्थेत मारलेली प्रत्येक लाथ पाणी मागे न ढकलता खाली ढकलते. गाळ उसळतो तो त्यामुळे, आणि तीच लाथ आपल्याला वरही ढकलत असल्याने पाय थांबले की आपण खाली बसू लागतो, म्हणून पाय थांबवण्याची हिंमत होत नाही. तेव्हा पुढच्या खेपेस डाइव्ह संपताना, टाकीत ५० बार (बार हे हवेच्या दाबाचे माप) हवा उरलेली असताना, पृष्ठभागावर जॅकेट पूर्ण रिकामे करून साधा श्वास घ्यावा आणि स्थिर राहावे. पाणी डोळ्यांच्या रेषेशी आले आणि श्वास सोडल्यावर आपण सावकाश बुडू लागलो, तर वजन योग्य आहे. हीच चाचणी भरलेल्या टाकीने केली तर सुमारे दोन किलो अधिक धरावेत, कारण टाकीतील हवेलाही वजन असते आणि ती संपत जाते तसे आपण हलके होत जातो. तरणतलावातले वजन समुद्रात जसेच्या तसे चालणार नाही हेही ध्यानात ठेवावे. खाऱ्या पाण्याची घनता सुमारे अडीच टक्के जास्त असल्याने तिथे मध्यम बांध्याच्या माणसालाही दोन-एक किलो वाढवावे लागतात.

आता पाय. विहिरीत आपण गुडघ्यातून पाय झाडतो आणि फिन, म्हणजे पोहण्यासाठी पायांत घालायचे पसरट पंजे, घातल्यावरही तेच करतो. त्याला आम्ही ‘सायकल मारणे’ म्हणतो: गुडघा पोटाकडे येतो, फिनचे पाते पाण्यात नुसतेच वरखाली सरकते आणि पुढे सरकण्यासाठी काहीच मिळत नाही. फ्लटर किकमध्ये, म्हणजे पाय आळीपाळीने वरखाली मारण्याच्या पद्धतीत, हालचाल खुब्यातून सुरू झाली पाहिजे. मांडी पुढे, गुडघा किंचित सैल, घोटा मोकळा आणि बोटे मागे ताणलेली. आपला दोष आपल्याला दिसावा यासाठी एक सोपा उपाय आहे. तरणतलावात फिन घालून पाठीवर झोपावे, हात अंगाशी ठेवावेत आणि किक मारत जावे. गुडघे पाण्याबाहेर डोकावू लागले की आपण सायकल मारत आहात हे समजावे. गुडघे पाण्याखालीच राहून केवळ फिनच्या टोकाशी पाणी हलके फुगत असेल, तर पाय बरोबर चालले आहेत. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे हा सराव केला, तर महिन्याभरात फरक जाणवेल.

त्यानंतर फ्रॉग किक शिकावी, आणि या बाबतीत विहिरीत बेडकासारखे पोहणाऱ्यांना मोठा फायदा मिळतो. शरीर आडवे, गुडघे वाकवून तळवे वर व मागे, घोटे बाहेरच्या अंगाला वळवलेले; मग दोन्ही तळव्यांनी पाणी मागे लोटत पाय जवळ आणावेत आणि पुढे सर्वांत महत्त्वाची गोष्ट करावी, ती म्हणजे काहीच करू नये. दोन-तीन सेकंद शरीर आपोआप सरकू द्यावे. विहिरीतल्या पोहणाऱ्याला ही विश्रांती अंगवळणी पडणे सर्वांत कठीण जाते, कारण तिथे थांबणे म्हणजे बुडणे असते. इथे वजन नीट असेल तर थांबल्याने काहीही होत नाही. तरणतलावाच्या एका लांबीला किती किक लागतात ते मोजून वहीत लिहावे आणि तो आकडा कमी करत न्यावा. वेळ मोजू नये, कारण वेगाची स्पर्धा मनात शिरली की पाय पुन्हा आपटू लागतात.

फ्रॉग किकचा जोर मागे जातो, खाली नाही, त्यामुळे तळ ढवळला जात नाही. ही बाब किती महत्त्वाची आहे हे मला एका चुकीतून कळले. नुकतीच शिकवायला लागले होते. मालवणजवळ आठ-नऊ मीटरवर एका खडकाशी मासा दाखवण्यासाठी थांबले आणि उभ्याउभ्याच फ्लटर किक मारत वळले. मागे पाहिले तर माझी विद्यार्थिनी दिसेना. तपकिरी ढगातून तिच्या फिनचे केवळ पिवळे टोक दिसत होते. मी हात पुढे करून ते टोक धरले, तिला जवळ ओढले आणि गाळ बसेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींचे मनगट धरून स्थिर राहिलो. ती घाबरली नाही हे तिचे धैर्य. ढग मात्र माझ्या पायांनी उठवला होता. त्याच ठिकाणी प्रवाळ असते, तर वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढणारे ते प्रवाळ माझ्या एका लाथेने मोडले असते. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने आधी आपले पाय सांभाळायला शिकावे, असे मला मनापासून वाटते.

हवेचा हिशोबही याच पायांशी जोडलेला आहे. नेहमीच्या ११ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा मावते. ५० बार राखीव ठेवले तर वापरायला १,६५० लिटर उरतात. शांतपणे श्वास घेणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेत असेल, तर १० मीटरवर दाब दुप्पट असल्यामुळे त्याला ४० लिटर लागतात आणि हवा ४० मिनिटांहून थोडी अधिक पुरते. सतत पाय मारून धापा टाकणाऱ्याला पृष्ठभागाच्या मापाने ३५ लिटर लागत असतील, तर तिथेच त्याची हवा २४ मिनिटांतच संपते. आपली टाकी लहान नाही, आपले पाय ती रिकामी करत आहेत.

जागच्या जागी वळण्यासाठी हेलिकॉप्टर टर्न आणि मागे सरकण्यासाठी बॅक किक ही पुढची पायरी आहे. बॅक किक जमायला अनेकांना कित्येक महिने लागतात, त्यामुळे तिची घाई करू नये.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. विहिरीत तो दीड मिनिट दम धरतो आणि तळाची माती मुठीत घेऊन वर येतो. त्याला स्कूबा शिकायचे आहे. इतका दम असल्यावर त्याला हे सोपे जाईल ना? (गृहिणी, शिरपूर)

उत्तर : त्याचे वय योग्य आहे. दहा वर्षांपासून मुलांना प्राथमिक शिक्षण घेता येते आणि आपल्या मुलाला कनिष्ठ गटाचे प्रमाणपत्र मिळू शकेल. मात्र त्याने प्रमाणपत्रधारक प्रौढासोबतच पाण्यात उतरावे. कोर्सपूर्वी त्याचे कान, दमा आणि फिट्सचा इतिहास डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. त्याचा दम मात्र गुणांत धरता येणार नाही. उलट तीच सवय सर्वांत आधी मोडावी लागेल.

विहिरीत तो छातीत भरून नेतो ती हवा वरचीच असते; खाली ती दबते आणि वर येताना पुन्हा मूळच्याच मापाची होते. स्कूबामध्ये रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी आणून देणारे उपकरण, त्या खोलीच्या दाबाची हवा देतो. १० मीटरवर छाती भरून घेतली आणि दम कोंडून वर आले, तर पृष्ठभागापर्यंत त्याच हवेचे आकारमान दुप्पट होते. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम आपण शाळेत शिकतो, तो इथे थेट फुप्फुसांना लागू होतो. फुप्फुसाला तेवढे फुगता येत नाही. ते फाटते आणि हवा रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकते. त्यासाठी खोल समुद्रही लागत नाही, पूर्ण भरलेल्या छातीने दीड मीटर वर येणेही पुरेसे ठरू शकते, म्हणजे तरणतलावातही हा धोका आहे. म्हणूनच स्कूबाचा पहिला नियम एकच: श्वास कधीही कोंडू नये.

मी शिकत असताना हा नियम तोंडपाठ होता, तरी छाती ऐकत नव्हती. तोंडात रेग्युलेटर असूनही मी विहिरीतल्यासारखा दम धरून बसत असे. माझे प्रशिक्षक मागे राहून बुडबुड्यांचा आवाज ऐकत. आवाज थांबला की खांद्यावर दोन बोटांनी टकटक करत. पहिल्या दिवशी त्यांनी किती वेळा टकटक केली याची गणतीच नाही. चौथ्या दिवशी ती बोटे एकदाही आली नाहीत, तेव्हा मला बक्षीस मिळाल्यासारखे वाटले होते.

आणखी एक गोष्ट, आणि ती स्कूबाशिवायही लागू आहे. अधिक वेळ बुडी मारता यावी म्हणून मुले काठावर आधी भराभर श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ‘आता वर जा’ ही शरीराची हाक उशिरा येते. ती येण्याआधीच शुद्ध हरपू शकते. आपल्या मुलाला हे आजच सांगावे, आणि काठावर मोठे माणूस नसताना त्याला बुड्या मारू देऊ नयेत.

प्रश्न : कोर्सच्या दुसऱ्या दिवशी चार मीटरवर मास्कमध्ये पाणी शिरले, नाकात गेले आणि मी एकदम वर धावले. प्रशिक्षकांनी माझा पाय धरून मला थांबवले. आता पुन्हा जावेसे वाटते, पण भीती जात नाही. कोणती कौशल्ये पक्की करू? (विद्यार्थिनी, धुळे)

उत्तर : आपण हे मोकळेपणाने लिहिलेत, याचे मला फार मोल वाटते. वर धावण्याची ही ऊर्मी प्रत्येकात असते आणि अपघात बहुधा तिच्यामुळे होतात. मास्कमधले पाणी हे मुळात संकट नाही. तोंडात रेग्युलेटर आहे तोवर मास्क पूर्ण भरला तरी श्वास चालूच राहतो, मात्र नाकाने आत ओढायचे नाही एवढे शरीराला शिकवावे लागते. त्यासाठी घरी बादलीही चालेल. मास्क न लावता, तोंडात स्नॉर्केल (पाण्यावर टोक राहणारी श्वासाची नळी) धरून चेहरा पाण्यात बुडवावा आणि तोंडाने सावकाश श्वास घेत पाच मिनिटे राहावे. घरातले कोणी शेजारी असावे. सुरुवातीला नाकपुड्यांशी पाणी हुळहुळेल, मन दचकेल. आठवडाभराने दचकणे थांबेल. मग तरणतलावात गुडघ्यावर बसून मास्क अर्धा भरावा, वरची कड बोटांनी कपाळाशी दाबावी, मान किंचित वर करावी आणि नाकाने संथ, लांब श्वास सोडावा. पाणी खालच्या कडेने निघून जाते.

बाकी कौशल्यांमध्ये रेग्युलेटर तोंडातून निसटल्यास उजवा हात मांडीपासून मागे नेऊन मोठ्या वर्तुळात पुढे आणणे, तोपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहणे, आणि हवा संपल्यास गळ्यावरून आडवा हात फिरवून जोडीदाराचा दुसरा रेग्युलेटर घेणे, ही दोन सर्वांत आधी पक्की करावीत. एक खूण विशेष लक्षात ठेवावी: आपण रोजच्या बोलण्यात ‘छान’ म्हणून अंगठा वर करतो, पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. ‘सर्व ठीक’ यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो.

वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आसपास ठेवावा. आपल्याच लहान बुडबुड्यांच्या पुढे जाऊ नये. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे. आणि भीती दाटून आली की काहीतरी घट्ट धरून तीन लांब श्वास घ्यावेत, जोडीदाराच्या डोळ्यांत पाहावे, मगच काय करायचे ते ठरवावे. त्या दिवशी प्रशिक्षकांनी आपला पाय धरला, कारण त्यांना आपली फुप्फुसे वाचवायची होती.

प्रश्न : मला चष्मा आहे. मास्कखाली तो घालता येतो का? (नंदुरबार)

उत्तर : नाही, चष्म्याच्या काड्यांमुळे मास्क चेहऱ्याला चिकटत नाही. नंबरच्या काचांचा मास्क मिळतो. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात, फक्त मास्क भरला की डोळे मिटावेत. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि जवळ भासतात, त्यामुळे कमी नंबर असलेल्या काहींचे काचांवाचूनही भागते.

प्रश्न : आमच्या गावात विहिरीतील मोटार अडकली की मुले पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून खाली जातात. विहीर साठ फूट आहे. आपण स्कूबाबद्दल लिहिलेत, तेव्हा विचारतो, हे सुरक्षित आहे का? (शेतकरी, अमळनेर तालुका)

उत्तर : हे तातडीने थांबवावे, अशी माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे. टायरमध्ये हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये श्वसनाची हवा गाळण्याची सोय नसते. त्यात तेलाची वाफ मिसळते, आणि कॉम्प्रेसर डिझेल इंजिनवर चालत असेल तर त्याच्याच धुरातला कार्बन मोनॉक्साइड नळीतून खाली जातो. या वायूला वास नाही, रंग नाही. मुलगा गुंगून पडेल आणि वर उभ्या असलेल्यांना ते कळणारही नाही. नळी दगडाखाली पिळली किंवा वीज गेली तर हवा तत्क्षणी बंद होते आणि पाठीवर राखीव काहीच नसते. हवा तुटल्यावर तो साहजिकच दम धरून वर झेपावेल, आणि तसे केल्याने काय होते ते वर लिहिले आहे.

स्कूबाची टाकी आणून दिली तरी हे काम सुरक्षित होत नाही. अंधारी विहीर, लोंबणारे दोर, केबल आणि पाइप यांत फिन व नळ्या अडकतात. अशा कामाचे प्रशिक्षण पर्यटनाच्या कोर्समध्ये दिलेच जात नाही. मोटार चेनकप्पीने किंवा क्रेनने वरूनच ओढून काढावी आणि त्याआधी वीजपुरवठा पूर्ण तोडावा. बरेच दिवस वापरात नसलेल्या विहिरीत तर पाण्याच्या वरच विषारी वायू साचलेला असू शकतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी आहे का एवढेच सांगते, सगळे विषारी वायू तिला कळत नाहीत, आणि पेट घेणारा वायू असेल तर तीच रीत घात करते. पहिला माणूस बेशुद्ध पडला म्हणून दुसऱ्याने धावत उतरू नये; ११२ वर कळवावे आणि वरून दोरानेच प्रयत्न करावेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी तीन दिवस डायव्हिंग करून कारने आंबोली घाटाने, कोल्हापूर-पुण्यावरून भुसावळला परतणार आहोत. डाइव्हनंतर विमानप्रवास करू नये असे ऐकले आहे. कारने चालेल ना? (रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : प्रश्न विमानाचा नसून उंचीचा आहे. पाण्याखाली दाबामुळे शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडण्याआधी आपण कमी दाबाच्या ठिकाणी गेलो, तर त्याचे बुडबुडे तयार होऊ शकतात. विमानासाठी एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास थांबावे असा संकेत आहे. आंबोलीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि मालवणहून आपण दोन-अडीच तासांत तिथे पोहोचाल. तेव्हा शेवटच्या दिवशी डाइव्ह ठेवू नये. तो दिवस सिंधुदुर्ग किल्ला पाहण्यात घालवावा, रात्री मुक्काम करावा आणि सकाळी घाट चढावा. कोकण रेल्वेने पनवेलमार्गे आलात तर कित्येक तास किनाऱ्याच्या उंचीवरच जातात, परंतु कसारा घाट चढून इगतपुरीला सुमारे ६०० मीटरवर यावेच लागते. म्हणून तिथेही तासांचा हिशोब करूनच तिकीट काढावे.

त्रासाची लक्षणे पुष्कळदा काही तासांनी, क्वचित एका दिवसानंतरही दिसतात, म्हणजे आपण तोवर भुसावळला घरी असाल. खांदा किंवा गुडघा विनाकारण दुखू लागला, हातपाय बधिर झाले, चक्कर आली, त्वचेवर चट्टे उठले किंवा असह्य थकवा वाटला, तर प्रवासाचा शीण म्हणून अंगावर काढू नये. आपल्या भागातील डॉक्टरांकडे असे रुग्ण सहसा येत नाहीत, त्यामुळे ‘आम्ही समुद्रात डायव्हिंग करून आलो आहोत’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि शुद्ध प्राणवायू लावण्याची व दाबकक्षाची (जिथे रुग्णाला वाढवलेल्या दाबात ठेवून उपचार करतात) सोय असलेल्या रुग्णालयाशी बोलण्याची विनंती करावी. त्यासाठी प्रत्येक डाइव्हची तारीख, पाण्यात उतरल्याची आणि वर आल्याची वेळ, सर्वाधिक खोली आणि घाट चढल्याची वेळ एका लहान वहीत लिहून ती वही गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवावी, आणि ती कुठे आहे हे दोघांनाही माहीत असावे.